मुकी विवरं

'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकात १९८१ साली तीन पानांचा एक लेख छापून आला. लेखक बिल अनरू, कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात शिकवणारे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. कृष्णविवराचं बाष्पीभवन प्रयोगशाळेत पाहता येईल, असं शीर्षक सुचवत होतं आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह होतं. पुढची जवळजवळ दहा वर्षं त्या लेखाकडे फारसं कुणी फिरकलं नाही. नंतर मात्र त्याच तीन पानांतून एक शाखा उगवली. पाण्याच्या टाक्या, काचेचे तंतू आणि निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेलेले अणूंचे ढग घेऊन माणसं कृष्णविवराच्या काठावर काय घडत असावं याचा शोध घेऊ लागली.

हा आडमार्ग का धरावा लागला, ते कळण्यासाठी १९७३ च्या मॉस्कोत जायला हवं. त्या सप्टेंबरात स्टीफन हॉकिंग तिथे गेले होते. याकोव्ह झेल्दोविच आणि त्यांचे तरुण सहकारी अलेक्सी स्टारोबिन्स्की यांनी त्यांना सांगितलं की फिरतं कृष्णविवर आपल्या फिरण्याची ऊर्जा खर्चून किरणोत्सर्जन करील. हॉकिंगना निष्कर्ष पटला, पण तो काढण्याची रीत आवडली नाही. केंब्रिजला परतून त्यांनी स्वतःच्या पद्धतीने गणित मांडलं, तर उत्तर भलतंच आलं: न फिरणारं कृष्णविवरसुद्धा उत्सर्जन करतं, आणि तेही तापलेल्या वस्तूसारखं, ठरावीक तापमानाने. १ मार्च १९७४ च्या 'नेचर'मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या शीर्षकापुढेही प्रश्नचिन्हच होतं.

निष्कर्ष इतका देखणा होता की भौतिकशास्त्रज्ञांनी तो लवकरच उराशी धरला. गुरुत्वाकर्षण, क्वांटम सिद्धांत आणि उष्मागतिकी ही तीन वेगळी घराणी त्यात पहिल्यांदा एका ओळीत येत होती. पडताळणीची वाट मात्र बंद होती. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचं हॉकिंग-तापमान केल्विनच्या दहा कोटी भागांपैकी जेमतेम सहा भाग भरतं. वस्तुमान वाढलं की तापमान आणखी उतरतं. विश्व ज्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणात बुडालेलं आहे त्याचं तापमान २.७ केल्विन आहे. म्हणजे आज असं कृष्णविवर जितकं सोडतं त्याहून कितीतरी अधिक गिळतं, आणि त्याची ती क्षीण ऊब कुठल्याही दुर्बिणीला टिपता येणार नाही. हॉकिंग २०१८ च्या मार्चमध्ये गेले तोवर आकाशातून एकही पुरावा आला नव्हता.

अनरू हे जॉन व्हीलर यांचे प्रिन्स्टनमधले विद्यार्थी. हॉकिंगच्या लेखाच्याही आधी, १९७२ साली, ऑक्सफर्डमधल्या एका व्याख्यानात कृष्णविवर समजावून सांगण्यासाठी त्यांनी एक चित्र उभं केलं होतं. नदीत राहणारे मासे आंधळे आहेत, त्यांना जग कळतं ते आवाजाने. नदी पुढे एका धबधब्याकडे ओढली जाते आणि पाण्याचा वेग वाढत जातो. एका ठिकाणी तो पाण्यातल्या ध्वनीच्या वेगाएवढा होतो. ती रेषा ओलांडून गेलेला मासा कितीही किंचाळला तरी त्याचा आवाज वर पोचणार नाही, कारण ध्वनी वर सरकतो त्याहून जास्त वेगाने पाणी त्याला खाली नेतं. रेषेजवळ पोचणाऱ्या माशाचा आवाज वरच्यांना घोगरा आणि अधिकाधिक संथ होत गेल्यासारखा ऐकू येईल. मासा स्वतः मात्र काहीही न जाणवता पलीकडे जाईल.

तेव्हा हे चित्र निव्वळ समजावणीसाठी होतं. पुढे, १९८० च्या सुमारास, अनरूंवर द्रवगतिकीचा अभ्यासक्रम शिकवायची वेळ आली. वाहत्या द्रवात ध्वनिलहर कशी पुढे जाते याचं समीकरण मांडताना त्यांच्या लक्षात आलं की हे कृष्णविवराभोवतीच्या लहरीचं समीकरण आहे, अक्षरशः तेच. वाहत्या द्रवातला ध्वनी असा वागतो जणू तो वक्र अवकाश-काळातून चालला आहे, आणि जिथे प्रवाह ध्वनीला मागे टाकतो तिथे त्या अवकाश-काळाचं क्षितिज असतं. वाहत्या माध्यमातल्या प्रकाशाबद्दल असंच काही वॉल्टर गॉर्डन यांनी १९२३ सालीच लिहून ठेवलं होतं, पण त्यावेळी कृष्णविवरं कुणाच्या मनातही नव्हती.

यातली खरी झेप पुढची आहे आणि अनरूंचं मोठेपण मला तिथे दिसतं. त्यांनी विचारलं, की हॉकिंगच्या युक्तिवादाला गुरुत्वाकर्षण नेमकं कुठे लागतं? आइन्स्टाइनची क्षेत्र-समीकरणं त्यात वापरलेलीच नाहीत. लागतं ते एक क्षितिज आणि त्याच्या आजूबाजूची क्वांटम स्वरूपाची लहर. तसं असेल, तर ध्वनीच्या क्षितिजानेही ध्वनीचे कण, म्हणजे फोनॉन, बाहेर टाकले पाहिजेत आणि तेही तापमान असल्यासारखे. त्यांनी अंदाज काढला: सेकंदाला ३०० मीटर ध्वनिवेग आणि मिलिमीटरभर लांबीत बदलणारा प्रवाह घेतला, तर तापमान केल्विनच्या एक कोटी भागांपैकी सुमारे तीन भाग येतं. फारच थोडं, पण अशक्य नाही. जिथून ध्वनी बाहेर येत नाही अशा या विवरांना ते मुकी विवरं म्हणत.

हे सगळं गमतीच्या साम्यापुरतं उरलं असतं. तसं झालं नाही, त्याचं श्रेय मेरिलँड विद्यापीठातल्या टेड जेकबसन यांना. १९९१ साली त्यांनी हॉकिंगच्या गणितातल्या एका जुन्या दुखण्यावर बोट ठेवलं. कृष्णविवरातून आज दूरवर पोचलेली लहर घ्या आणि तिचा प्रवास उलटा मोजत क्षितिजाकडे जा. जसजसं क्षितिज जवळ येतं तसतशी तिची तरंगलांबी आखडत जाते, अणूहून, अणुकेंद्राहून लहान होते, आणि शेवटी १०⁻³⁵ मीटर या प्लांक-लांबीच्याही खाली उतरते. तिथे अवकाश-काळ कसा आहे हे कुणालाच माहीत नाही. म्हणजे हॉकिंगचं तापमान ज्या पायावर उभं आहे तो पाया आपल्या ज्ञानाच्या हद्दीबाहेर आहे. हे सैद्धांतिक कीस काढणं नव्हतं, इमारतीच्या मुळाशीच शंका होती.

जेकबसन यांचं म्हणणं असं, की द्रवातही नेमकी हीच अडचण येते, पण तिथे तिचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे. द्रव रेणूंचा बनलेला असतो. दोन रेणूंमधल्या अंतराहून आखूड ध्वनिलहर असूच शकत नाही, आणि त्या मर्यादेजवळ लहरीचा वेग तरंगलांबीनुसार बदलू लागतो. मग अशा खऱ्या, दाणेदार द्रवात हॉकिंग-प्रारण टिकतं का? १९९५ साली अनरूंनी संगणकावर हिशेब करून दाखवलं की टिकतं. आखूड लहर प्रवाहाबरोबर ओढली जात क्षितिजाकडे येते, तिथे वळते आणि लांब होऊन परत जाते. वाट बदलली, तरी तापमान जवळजवळ तेच राहिलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला कणा हाच आहे. प्रयोगांत पुढे जे तपासलं गेलं ते कृष्णविवर नव्हतं. सूक्ष्म पातळीवर माध्यम कसंही असलं तरी क्षितिज असेल तिथे हॉकिंग-परिणाम उभा राहतोच, हा दावा तिथे पणाला लागला होता.

२००० च्या आसपास प्रस्तावांचा पूर आला. ग्रिगोरी व्होलोविक यांनी अतिप्रवाही हेलियमकडे पाहिलं. लुईस गारे, जेम्स अँग्लिन, इग्नासियो सिराक आणि पीटर झोलर यांनी बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट (निरपेक्ष शून्याजवळ नेलेल्या अणूंची अवस्था) वापरावं असं सुचवलं. ढाक्यात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये आइन्स्टाइनना धाडलेल्या लेखातून ज्या अवस्थेचं भाकीत पुढे आलं, ती प्रयोगशाळेत अवतरली १९९५ साली. आता तिच्यात कृष्णविवर घडवायचं होतं. राल्फ शुट्झहोल्ड आणि अनरू यांनी २००२ मध्ये आणखी साधा पर्याय मांडला: उथळ पाण्यावरच्या लाटा. त्यांचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो, त्यामुळे खोली आणि प्रवाह बदलून हवं तिथे क्षितिज आखता येतं.

असं क्षितिज आपल्या मोरीतही असतं. नळाची धार सपाट तळावर पडली की पाणी पातळ थरात वेगाने पसरतं आणि थोड्या अंतरावर एक गोल कडा उमटते, जिच्याबाहेर पाणी जाड आणि संथ असतं. आतलं पाणी लाटांपेक्षा वेगवान आहे, म्हणून बाहेरची लाट त्या वर्तुळात शिरू शकत नाही. कृष्णविवरात काळ उलटा धरला तर जे मिळेल, ते हे श्वेतविवर. फ्रान्समधल्या नीस विद्यापीठात जर्मेन रूसो आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉन तेलाच्या धारेत सुई बुडवून, तिच्यामागे उठणाऱ्या पाचरीसारख्या लाटेचा कोन मोजला आणि कडेशी आल्यावर ती पाचर उघडत नाहीशी होते हे २०११ मध्ये दाखवून दिलं.

पहिली क्षितिजं २००८ साली हाती आली. रूसो यांच्या गटाने मोठ्या टाकीत प्रवाहाविरुद्ध लाटा सोडून त्यांचं रूपांतर टिपलं. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात उल्फ लिओनहार्ट आणि फ्रीड्रिख क्योनिग यांच्या गटाने प्रकाशाला प्रकाशानेच अडवलं. काचेच्या तंतूतून जाणारं लेझरचं तीव्र स्पंदन काचेचा अपवर्तनांक क्षणभर बदलतं. मागून येणाऱ्या दुसऱ्या रंगाच्या प्रकाशाचा वेग तिथे पडतो, आणि तो त्या धावत्या कडेपलीकडे जाऊ शकत नाही. दोन वर्षांनी इटलीत दानिएले फाच्चो आणि सहकाऱ्यांनी काचेतल्या लेझर-स्पंदनातून हॉकिंग-प्रारण दिसल्याचं जाहीर केलं. त्यावर शुट्झहोल्ड आणि अनरू यांनीच आक्षेप घेतला, की दिसलं ते हॉकिंगचं नाही. आपल्याच कल्पनेला मिळत असलेला कौल तपासून नाकारायला मन खंबीर लागतं. अनरूंकडे ते होतं.

त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठातला प्रयोग २०११ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. सिल्के वाइनफुर्टनर या तरुण भौतिकशास्त्रज्ञेने स्थापत्य अभियंते टेड टेडफर्ड आणि ग्रेग लॉरेन्स यांच्याबरोबर तो केला. कृष्णविवराचा शोध अभियंत्यांच्या जलप्रयोगशाळेत लागावा हे मला फार आवडतं. सहा मीटरांहून थोडी लांब आणि जेमतेम १५ सेंटीमीटर रुंद अशी पाण्याची नळकुंडी, तिच्या तळाशी विमानाच्या पंखासारखा उंचवटा. त्यावरून पाणी उथळ आणि वेगवान होतं. समोरून लांब लाटा सोडल्या की त्या उंचवट्यापाशी अडतात, आखूड होतात आणि मागे वाहून जातात. अशा आखूड लाटा दोन जातींच्या निघतात. एक नेहमीची, आणि दुसरी जिची ऊर्जा हिशेबात उणी धरावी लागते. हॉकिंगच्या गणितात क्षितिजाबाहेर निघणारा आणि आत पडणारा असे जे जोडीदार असतात, त्यांची ही प्रतिरूपं. दोन जातींचं प्रमाण लाटेच्या वारंवारितेनुसार कसं बदलतं ते मोजलं, तेव्हा उष्ण वस्तूच्या प्रारणाचा घातांकी नियमच हाती आला. पाणी, भोवरे, घर्षण या साऱ्या गोंधळातून तो नियम उमटला होता.

पण हे उत्स्फूर्त प्रारण नव्हतं. लाट बाहेरून सोडली होती, क्षितिजाने फक्त तिला प्रतिसाद दिला होता. पुढे प्वातिएला गेलेले रूसो आणि पॅरिसजवळच्या ओर्सेतले रेनो पारांतानी यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: व्हँकुव्हरच्या कुंडीतला प्रवाह लाटांच्या वेगाला खऱ्या अर्थाने कधी गाठतच नव्हता, काही लाटा उंचवटा पार करून निसटत होत्या. क्षितिजाविनाच तो नियम कसा उमटला, हा नवा प्रश्न त्यातून आला.

उत्स्फूर्त प्रारणासाठी पाणी उपयोगाचं नव्हतं. तिथल्या उष्णतेच्या गलक्यात ती कुजबुज ऐकू येणं अशक्य. तो मार्ग चालले हैफाच्या टेक्नियॉन संस्थेतले जेफ स्टाइनहावर. त्यांनी सुमारे आठ हजार रुबिडियम अणूंचं कंडेन्सेट लेझरच्या अरुंद नळीत धरलं आणि दुसऱ्या लेझरने त्यात एक पायरी केली, जिच्यावरून अणू खाली ओघळतात. या ढगातला ध्वनी सेकंदाला मिलिमीटरभरही जात नाही. त्यामुळे पायरीखालचा संथसा प्रवाहही ध्वनीहून वेगवान ठरतो. असं क्षितिज बनल्याचं त्यांच्या गटाने २००९-१० मध्ये दाखवलं.

आता फोनॉन टिपायचे कसे? त्याची युक्ती २००८ मध्ये इटली आणि स्पेनमधल्या रोबेर्तो बाल्बिनोत, याकोपो कारूसोत्तो आणि सहकाऱ्यांनी सांगून ठेवली होती. एकटा फोनॉन शोधत बसू नका, जोडी शोधा. क्षितिजाच्या एका अंगाला घनतेत बारीक चढउतार झाला तर दुसऱ्या अंगाला, ठरावीक अंतरावर, त्याचा जोडीदार असला पाहिजे. एका छायाचित्रात हे दिसत नाही. छायाचित्र घेतलं की ढग संपतो, नवा करावा लागतो. हजारो छायाचित्रांची सरासरी काढल्यावर ती तिरकी पुसट रेघ वर येते. २०१६ मध्ये स्टाइनहावर यांनी एकट्याच्या नावावर लेख प्रसिद्ध केला: जोडीदार सापडले आहेत आणि ते क्वांटम अर्थाने एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यावर वाद झाला. लिओनहार्ट यांनी विश्लेषणावर प्रश्न उपस्थित केले. स्टाइनहावर यांच्याच त्याआधीच्या, २०१४ च्या, एका दाव्याचं दुसरं स्पष्टीकरण जेकबसन आणि सहकाऱ्यांनी मांडलं.

स्टाइनहावर यांचं उत्तर म्हणजे आणखी मोजमापं. २०१९ च्या लेखासाठी प्रयोग ७,४०० वेळा केला. तापमान आलं ०.३५ नॅनोकेल्विन, म्हणजे केल्विनच्या शंभर कोटी भागांपैकी एक तृतीयांश भाग, आणि ते प्रवाहाच्या उतारावरून काढलेल्या भाकिताशी जुळलं. २०२१ मध्ये पुनरावृत्ती ९७,००० झाल्या, सलग १२४ दिवस मोजणी चालली. यावेळी प्रारण काळानुसार कसं वागतं ते पाहायचं होतं. हॉकिंगच्या गणिताप्रमाणे ते एकसारखं राहायला हवं, आणि ते राहिलं. पुढे ढगात आणखी एक, आतलं, क्षितिज तयार झालं तेव्हा चित्र बदललं आणि चेतवलेलं, म्हणजे उत्स्फूर्त नसलेलं, प्रारण सुरू झालं.

फिरणाऱ्या विवराची गोष्ट वेगळ्या वाटेने पुढे गेली. वाइनफुर्टनर इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला गेल्या. तिथे तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद टाकी, मधोमध भोक आणि त्यावर घुमणारा भोवरा. २०१७ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की भोवऱ्यावर आदळून परतणाऱ्या काही लाटा १४ टक्क्यांपर्यंत मोठ्या होऊन येतात. भोवरा आपल्या फिरण्यातून ऊर्जा देतो. मॉस्कोतल्या झेल्दोविच यांनी १९७१ मध्ये फिरत्या वस्तूंबद्दल हेच म्हटलं होतं. २०२० साली त्याच भोवऱ्यात आणखी एक गोष्ट दिसली, जिच्याशी आपलं नातं आहे. धक्का बसलेलं कृष्णविवर घंटेसारखं घुमतं आणि तो नाद विरत जातो, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये गणिताने दाखवलं होतं. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू तारांगणाचे ते संस्थापक-संचालक. गुरुत्वीय लहरींतला तो नाद ऐकायला २०१५ साल उजाडलं. नॉटिंगहॅमच्या भोवऱ्याने त्या नादाचा जलावतार दाखवला तेव्हा विश्वेश्वरा जाऊन तीन वर्षं झाली होती. २०२४ मध्ये त्याच प्रयोगशाळेने −२७१ अंश सेल्सिअसखालच्या अतिप्रवाही हेलियमचा भोवरा उभा केला, ज्यात घर्षणाचा त्रास जवळजवळ उरत नाही.

यातून कृष्णविवराबद्दल सिद्ध काय झालं? एरिक विन्सबर्ग आणि त्यांच्या दोन सहकारी तत्त्वज्ञांचं मत असं, की वेगवेगळ्या माध्यमांत तोच परिणाम दिसत असेल तर हॉकिंगच्या दाव्याला काही बळ नक्कीच मिळतं. करेन क्राउदर आणि सहकाऱ्यांना ते मान्य नाही. त्यांचं म्हणणं, की कृष्णविवरालाही हेच गणित लागू आहे हे आधी गृहीत धरलं तरच असं बळ मिळतं, आणि शंका नेमकी तिथेच आहे. मी दुसऱ्या बाजूकडे झुकतो. तरीही जेकबसन यांनी उपस्थित केलेल्या शंकेचं ओझं या प्रयोगांनी हलकं केलं आहे, असं मला मनापासून वाटतं. दाणेदार माध्यमात हॉकिंग-परिणाम मरून जाईल, ही भीती आता उरलेली नाही.

जे उरलं आहे ते बाष्पीभवन. प्रारण जात राहिलं तर विवर आटलं पाहिजे. म्हणजे लाटेने मागे वळून ज्या प्रवाहातून ती आली त्यालाच बदललं पाहिजे. २०२१ मध्ये नॉटिंगहॅमच्या गटाने भोवऱ्यावर लाटा सोडल्या आणि टाकीतल्या पाण्याची पातळी मोजली. लाटांनी भोवऱ्यातून जास्त पाणी खाली ढकललं होतं आणि पातळी डोळ्यांनी दिसेल इतकी उतरली होती. पण त्या लाटा हाताने सोडलेल्या होत्या. रुबिडियमच्या ढगातले आपोआप जन्मणारे फोनॉन क्षितिजाला किती सरकवतात, ते अजून कुणी मोजलेलं नाही.